पांगळ्यांची पंगत

त्यांनी माझ्या पोरीला शाळेच्या पटांगणात पंगतीत बसवलं. पुढं पत्रावळ टाकली. तिच्या मांडीवरची पाटी वाढप्यानं उचलून बाजूला ठेवली.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मुरुडात पाऊस नव्हता. शकूचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. तिला शाळेत घ्या म्हणून मी उंबरठे झिजवले. हेडमास्तर म्हणायचे, "हिला रोज उचलंल कोण?" आणि त्या दिवशी त्यांचाच निरोप आला, पोरीला घेऊन या. मला वाटलं, शाळेत घेतलं. पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी काढून तिचं तोंड धुतलं, वेण्या घातल्या, नवी पाटी दिली.

कशाचं काय! पाऊस पडावा म्हणून गावातले दुकानदार अप्पा महादेवाला नवस बोलले होते, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालीन. माझी पोर त्यांना त्यासाठी हवी होती.

खिडकीतून पाढे ऐकू येत होते. अप्पांचा महेश म्हणत होता. त्याचेही पाय शकूसारखेच. पण शाळेचा शिपाई त्याला पाठीवर घेऊन वर्गात न्यायचा, खुर्चीत बसवायचा. खोटं कशाला बोलू, मी त्या लेकराच्या खुर्चीवर जळत होते. त्याचा पाढा चुकावा असं वाटत होतं. तो चुकला नाही. मी आणखीच जळले.

"माय, वर्गात कवा जायचं?" शकूनं विचारलं.

हेडमास्तर म्हणाले, "जेवू द्या तिला. पुण्याचं काम हाय."

मी म्हणाले, "मग अप्पाचं पोरगं बसवा हिच्या शेजारी. पाय तर त्येचेबी गेलेत. त्येच्या जेवण्यानं पाऊस पडत न्हाई का?"

मी शकूला कडेवर घेतलं, पाटी उचलली, वर्गात जाऊन तिला महेशच्या खुर्चीशेजारी बसवलं. हेडमास्तरांनी आम्हाला बाहेर काढलं. "नवा जिल्हा झालाय न्हवं? जा लातूरला, सायबाला सांगा."

गेले. साहेब भेटला नाही. पुन्हा गेले तेव्हा त्या पंगतीतल्या लेकरांच्या आया माझ्याबरोबर होत्या. मग आम्ही जातच राहिलो.

शाळेनं दार उघडलं तेव्हा शकूचं शाळेचं वय सरलं होतं. महेश शिकून नोकरीला लागला. त्याला बघितलं की आजही पोटात आग पडते. ती मला विझवायची नाही. आजही कुणी पुण्य करायला आमची लेकरं मागायला येतं. मी दारातच सांगते, आधी वर्गातली जागा दाखवा. तुमच्या पंगतीला आमचं एकही लेकरू येणार नाही.