तांदळात लिहिलेलं नाव

आज चाकणला मुलाच्या लग्नात ताटातल्या तांदळाला हळदीचा वास आला आणि मला माझं लग्न आठवलं. नवऱ्याने अंगठीने तांदळात माझं नवं नाव लिहायचं होतं.

"किरण तर बाप्याचं नाव हाय. विजयची बायको विजया," सासूबाई म्हणाल्या.

"कंपनीत मी किरण आहे. घरीही किरणच राहणार."

"लई आगाव हाय पोरगी!"

चुलतसासरे हसले. "मग विजय, तूच किरण्या हो!"

विजयचा हात थांबला. मी त्याच्या बोटांतली अंगठी घेऊन 'किरण' लिहिलं. तेव्हा वाटलं, मी एकटीने जिंकलं. आज कळतं, त्याने अंगठी सोडली म्हणून जमलं.

आता सुनेचं नाव लिहायला मुलाने अंगठी उचलली.

"तिला दे," मी म्हणाले.