एक हात खिशात

वीब्रेन हूकस्ट्रा रागीट म्हणून गावभर ओळखला जाई आणि त्याला त्याची खंत नव्हती. उभी हयात डेअरीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. सुट्टीच्या दिवशी तो हौशी रेडिओवाल्यांसाठी अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे संदेश दूर पोहोचवणारी यंत्रं, बांधी. पत्र्याची पेटी, आत काचेचा एकच मोठा व्हॉल्व्ह, बल्बसारखी नळी; ती नसली की पेटी मुकी. नवशिक्याला पहिला धडा ठरलेला असे: आत उजवा हात घालायचा, डावा खिशात. दोन्ही हात आत गेले की विजेला छातीतून वाट मिळते. त्याची स्वतःची दोन बोटं तरुणपणीच जळून वाकडी झाली होती.

झाकण उघडताच वीज तुटावी म्हणून तो प्रत्येक पेटीत झाकणाखाली खटका बसवी. जास्तीत जास्त दूरच्या रेडिओवाल्यांना गाठायच्या यंदाच्या स्पर्धेसाठी गावातल्या रेडिओ क्लबाला दिलेल्या पेटीतही हा खटका होता.

समुद्राच्या बांधालगत, मेंढ्यांच्या कुरणात क्लबाचा तंबू होता. स्पर्धेच्या दिवशी दुपारी वीब्रेन आत शिरला, तर क्लबाचा अध्यक्ष डर्क, म्हणजे त्याचा मेहुणाच, पेटीवर वाकलेला. झाकण गवतावर, खटक्यावर चिकटपट्टी, दोन्ही हात आत. आणि पेटीवरच्या मीटरचा काटा तीन हजार व्होल्टवर.

वीब्रेनच्या तोंडाशी शिव्या आल्या. पण ओरडलं तर डर्क दचकणार, आणि दचकला की कुठंतरी टेकणार. त्यानं राग गिळला.

“डर्क,” तो झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसं म्हणाला, “डावा हात खिशात घाल. सावकाश.”

“बंद केलंय हो दाजी. समोरचं बटण खाली आहे.”

“हात खिशात.”

डावा हात बाहेर आला, मग उजवा. वीब्रेननं भिंतीसारखं आडवं होत त्याला मागं सारलं, प्लग उपटला आणि जमिनीला तार जोडलेली काठी कपॅसिटरला टेकवली; बटण बंद केलं तरी त्यात वीज साठून राहते. बंदुकीसारखा बार झाला. बाहेर मेंढ्या उधळल्या.

मग तो बोलला आणि बराच वेळ बोलला. डर्क सांगू लागला की वाऱ्यानं झाकण हलायचं, घडोघडी वीज तुटायची आणि स्पर्धेत लीवार्डेन शहराचा क्लब पुढे चालला होता, म्हणून पट्टी लावून तो आतलं बघत होता.

“ते पुढे गेले असते तर तुझ्या बहिणीला तेवढंच सांगितलं असतं,” वीब्रेन म्हणाला. “आता तिला काय सांगायला लावणार होतास?”

पट्टी काढून पुन्हा सुरू करू, असं तंबूतलं क्लबाचं कुणीतरी पुटपुटलं. वीब्रेननं व्हॉल्व्ह घरी नेतोय म्हणून सांगितलं. पण तापलेली काच हातात धरवत नाही, त्यामुळे रागावलेल्या माणसाला तिथंच बसून राहावं लागलं. डर्कनं साखरेचा पाव कापून पुढे केला. त्यानं घेतला नाही.

काच निवल्यावर त्यानं व्हॉल्व्ह टोपीत गुंडाळला.

“पट्टी तू काढ. माझ्यासमोर.”

प्लग गवतात पडलेला, पेटी मेलेली. तरी वाकताना डर्कचा डावा हात आपोआप खिशात गेला. वीब्रेननं ते पाहिलं. तो गाडीकडे निघाला. राग अजून पुरता उतरला नव्हता.