कोलूतलं मस्कत

आमच्या घरचा नवरात्राचा कोलू माझ्या हातचा. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हापासून बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या मीच मांडते आणि पायऱ्यांपुढे जमिनीवर छोटा देखावा करतात, तोही मीच करते. यंदा मात्र धाकट्या जावेनं परस्पर सांगून टाकलं, "अक्का, देखावा मी करते. मस्कतचा."

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्या मस्कतला मीही जायची होते. तिचा मुलगा तिथे नोकरीला आहे. त्यानं दोन तिकिटं काढली होती, एक आईचं आणि एक माझं, कारण लहानपणी त्याला मीच सांभाळलं होतं. मी पासपोर्ट काढला. पांढरे बूट घेतले, ते घालून घरभर चालूनही पाहिलं. निघायला आठ दिवस उरले आणि सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. कुणीतरी मागे राहायला हवं होतं. कोण राहणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. थोरली म्हटलं की ते आलंच! माझं तिकीट रद्द झालं आणि ही एकटी उडाली.

परत आल्यापासून हिची टकळी काही थांबेना. वाळवंटातली वाळू म्हणे पहाटे पायाला गारठवते आणि दुपारी पोळते. गाडी वाळूच्या डोंगरावरून खाली सुटली तेव्हा हिनं पुढच्या सीटला मिठी मारून मारुतीचा धावा केला. उंटानं हिचा पदर चावला. समुद्र तर इतका नितळ, की गुडघाभर पाण्यात पायातली जोडवी दिसतात. पण किनाऱ्यावर कुणी ओरडत नाही, शेंगदाणे विकत नाही, म्हणून हिला तिथे करमेना म्हणे. मला चांगलं करमलं असतं! सासूबाईंचं बेडपॅन धुताधुता मी हे सगळं वीस वेळा तरी ऐकलं असेल.

देखाव्यासाठी वाळू हवी होती. तिरुवैयारूहून कावेरीची वाळू मीच आणवून दिली, वर चाळूनही दिली. मूर्खच मी. हिनं तिच्या टेकड्या केल्या, शेजारी निळं कापड अंथरून समुद्र केला, मध्ये उंट उभे केले. मग काय, येणारी प्रत्येक बाई प्रसादाच्या सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण घेऊन तिथेच उकिडवी बसायची. वरच्या पायरीवर माझ्या बाहुल्या माना हलवताहेत, पण बघतंय कोण!

सहाव्या दिवशी एक नवी बाई हळदीकुंकवाला आली. तिच्या नवऱ्याची बँकेत नुकतीच बदली झाली होती. सोलापूरची होती, आमच्या घरातलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. "हे कुठलं हो?" तिनं विचारलं. जावेनं सांगायला सुरुवात केली, पण आमचं तंजावरी मराठी अर्धं तमिळ, ते त्या बाईला उमजेना. मी मराठी पुस्तकं वाचते, त्यामुळे माझं तिला कळत होतं.

"अक्का, तुम्हीच सांगा," म्हणून जाऊ सुंडल आणायला आत गेली.

मी सांगायला बसले. पहाटेची गार वाळू सांगितली, सुटलेली गाडी सांगितली. "मी तर मारुतीचा धावाच केला," असं बोलून गेले. थांबायला हवं होतं, पण बाई डोळे मोठे करून ऐकत होती. माझं बोलणं इतकं मन लावून कुणी कधी ऐकलं नव्हतं. "माझी जोडवी दिसत होती हो पाण्यात!" मी म्हणाले.

"कधी गेला होता तुम्ही?"

"फेब्रुवारीत."

मान वर केली तर जाऊ दारात, हातात द्रोण. किती वेळ उभी होती देव जाणे. आता ही तोंड उघडणार आणि उद्या गल्लीभर माझं हसं होणार. तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं, खरं सांगते.

ती आली, बाईच्या हातात द्रोण दिला आणि माझ्याशेजारी बसली. शब्द शोधत, सावकाश म्हणाली, "दोघी गेलो होतो आम्ही. अक्का तर उंटावरून उतरायलाच तयार नव्हत्या."

बाई खळखळून हसली. मीही हसले. विडा घेऊन ती गेली, तेव्हा जाऊ वाळूत कललेला एक उंट सरळ करत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

वाळवंट हिनं पाहिलं, समुद्र हिनं पाहिला. निदान मोठेपणा तरी थोरलीसाठी ठेवायचा होता!