आश्रुबाचा उपास

पूर्णा स्टेशनावर आश्रुबा सांधेवाला होता. गाडी यायच्या आधी रूळ बदलायचे, गेली की झेंडी गुंडाळायची. त्या कामात त्याची कधी चूक झाली नाही. चूक व्हायची ती ताटावर. सहा भाकरी, पिठलं, त्यावर कच्चं तेल, आणि तरीही हात धुताना नजर टोपल्यात. रेल्वेच्या लाइनीतली माणसं म्हणायची, "आश्रुबा, इंजनाला तरी कोळसा मापून मिळतोय बाबा!"

तोही हसायचा. पण ताट रिकामं होऊ लागलं की त्याला भीतीच वाटायची. लहानपणी पेडगावच्या शिवेबाहेर त्याची आई लोकांच्या लग्नातलं उष्टं गोळा करून आणायची आणि म्हणायची, "आत्ताच खा रे, उंद्याचं कुनी बघितलंय." आई दुष्काळात गेली. मिशनने त्याला वाढवलं, बाप्तिस्मा दिला, रेल्वेत लावलं. भाकरी रोज मिळू लागली, पण पोटाला ते कुणी कळवलंच नाही.

लढाईच्या दिवसांतला नाताळ होता. धान्य महाग, तरी ख्रिस्ती मंडळीने एकत्र जेवण केलं. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. पुरुष उठले तरी आश्रुबा उठला नाही. वाढणारा आला की त्याच्याने नको म्हणवेना. बायका बसल्या तेव्हा पातेल्यात करपलेला भात तेवढा होता. त्यांनी घरून भाकरी आणून ठेच्याशी खाल्ली. आश्रुबाची बायको नागुबाई तान्ह्या एस्तेरला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

मंडळीचे पाळक दिनकरराव यांनी त्याला बाजूला घेतलं.

"आश्रुबा, दारुड्याला आपण मंडळीबाहेर ठेवतो. तुझी दारू ताटात आहे, एवढाच फरक."

"साहेब, मी लय प्रार्थना करतो. पर ताट समोर आलं की आमेनच्या आधीच हात जातो."

"मग ताटात यायच्या आधीच काढत जा. मूठ वाढव."

मूठ हा मंडळीतल्या बायकांचा रिवाज. दळायला ज्वारी घेतली की माणसामागे एक मूठ आधी मडक्यात टाकायची. रविवारी ते मडकं प्रार्थनामंदिरात न्यायचं आणि तिथून ते धान्य, ज्याची चूल विझली असेल त्याच्या घरी जायचं. आश्रुबाच्या नावाची मूठ दुप्पट, असं दिनकररावांनी ठरवून दिलं. तोच त्याचा उपास.

आश्रुबाने ते मनापासून धरलं. दोनाच्या तीन मुठी झाल्या, तिनाच्या चार. नागुबाई ज्वारी टाकायची तेव्हा तो डोळे मिटून शेजारी उभा राहायचा. आपल्याच पोटातून काही उपसून दिल्यासारखं त्याला हलकं वाटायचं. मग तो जेवायला बसायचा. ताटात सहा भाकरी असायच्या.

नागुबाईने एकदा पाचच वाढून बघितल्या. तो रागावला नाही. मारलेल्या पोरासारखा टोपल्याकडे बघत राहिला. तिला बघवेना, तिने सहावीही वाढली. बाईमाणसाने मागून जेवावं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तो ड्यूटीवर गेला की तिचं जेवण. आता मागे काही राहतच नव्हतं.

नळावर शेजारच्या झुंबरबाईने तिला गाठलं. "नागे, उपास तुझा नवरा करायलाय अन् हाडं तुझी दिसायलीत."

"असं नको बोलू आक्का. देवाचं काम हाय."

"मग देवाला म्हन, त्याची भाकर उचल. तुझी कामून उचलायलाय?"

मंडळीत मात्र आश्रुबाचं नाव झालं. एका भावाने पोटाला वेसण घातली, असं दिनकररावांनी उपदेशात सांगितलं. आश्रुबाने सुखाने मान खाली घातली. त्याच दिवसांत एस्तेर चोखून चोखून थकू लागली. तिचं रडणं बारीक झालं. नागुबाईचं दूध आटलं होतं.

ते पाळकांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या लक्षात आलं. एका रविवारी मुठीचं धान्य वाटताना त्यांनी सगळ्यांदेखत नागुबाईच्या पदरात ज्वारी ओतली. आश्रुबा उसळला.

"बाई, आमी काय मागून खानारे हाओत का? ती ज्वारी मीच दिलेली हाय!"

"तुम्ही नाही दिली," सुमनबाई म्हणाल्या. "हिने दिली. हिला जेवताना कधी बघितलंय?"

दिनकरराव बाजूलाच उभे होते. मूठ कुणाच्या वाट्यातून जाते, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आश्रुबा ड्यूटीवर न जाता दारातच थांबला. नागुबाई त्याच्याकडे पाठ करून चुलीशी बसली. टोपल्यातला चुरा तिने गोळा करून तोंडात टाकला, पिठल्याच्या कढईत पाणी फिरवून प्यायली आणि पोरीला छातीशी धरलं.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"अवो, तुमी उपास करत होता. मोडला असता."

मग त्याने खरा उपास धरला. आधी नागुबाईने जेवायचं, उरेल ते त्याने. सुमनबाई कण्या आणि शेळीचं दूध पाठवू लागल्या. तो टिकला. पोरीच्या रडण्यात थोडा जोर आला.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा नागुबाई पोरीला घेऊन नळावर गेली होती. चुलीजवळ कण्या झाकून ठेवल्या होत्या. त्याला एकच घास घ्यायचा होता. दुसरा घेताना त्याने प्रभूचं नाव घेतलं. पुढे नाव घ्यायचंही राहिलं. ती दारात आली तेव्हा तो पातेलं बोटाने पुसत होता. पोरीचं दूधही संपलं होतं.

तो रडला. सुमनबाईंकडे जाऊन त्याने सगळं कबूल केलं. पुन्हा टिकला, पुन्हा मोडला. उन्हाळ्यात पोरीला हगवण लागली. तिच्या अंगात झगडायला काही नव्हतंच. एस्तेर गेली.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. पोरीला पुरून आल्यावर झुंबरबाईने भाकरी आणि वरण आणून ठेवलं. दिनकरराव प्रार्थना करू लागले. आता निदान भूक तरी मरेल, असं आश्रुबाला वाटलं होतं. पण प्रार्थना चालू असतानाच त्याला भाकरीचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं.

"साहेब," तो मध्येच म्हणाला, "मला भूक लागलीय हो."

दिनकररावांनी डोळे उघडले.

नागुबाईने टोपलं आपल्यापुढे ओढलं. भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि खाऊ लागली. सगळ्या पुरुषांदेखत, घाई न करता, डोळे कोरडे ठेवून. दुसरी भाकरी संपवून तिने तिसरी घेतली. आश्रुबाचा हात पुढे आला. तिने टोपलं पलीकडे सरकवलं.

"थांबा. माझं व्हायचंय."

तो हात मांडीखाली दाबून बसला. आपल्याला किती वेळ थांबता येईल, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.