घरच्यांचे आभार

आमचे मार्शल काका कोणत्याही वाहनात बसण्याआधी त्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चाकाला बुटाच्या टोकाने हलकं ढोसायचं, वाकून खाली तेल गळतंय का बघायचं, दाराची कडी ओढून पाहायची, मग आत. उडण्याआधी वैमानिकाने आपलं विमान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं, तीच ही सवय. पण ती त्यांनी सेनगावच्या काळ्या-पिवळ्या जीपलाही लावली आणि एकदा तर आमच्या बैलगाडीलाही. जीपवाला टपावर सोयाबीनची पोती टाकून निघायच्या घाईत, आणि एअर मार्शल सावकाश प्रदक्षिणा घालतायत. "साहेब, देव न्हाई तो, जीप हाय. बसा आता," असं एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, तेव्हा काका हसले, पण फेरी पुरी करूनच बसले. ज्याच्या जिवावर आपण उडतो ते आधी नीट बघून घ्यावं, असं ते म्हणत. एक माणूस तेवढा त्यांनी कधी तसा बघितला नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील, आणि त्या रागातूनच मी हे लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी काका पुण्यात वारले. हवाई दलाने सलामी दिली, पेपरात फोटो आला, आमच्या गावच्या फाट्यावर तीन-तीन फ्लेक्स लागले. मी हिंगोलीला शाळेत शिकवते. शाळेतही त्यांना श्रद्धांजली झाली आणि मुलांना मीच त्यांची गोष्ट सांगितली. सेनगाव तालुक्यातल्या आडगावचा, कोरडवाहू घरातला पोरगा लढाऊ विमानं उडवतो, डोंगरातल्या लढाईत इंजिन पेटलेलं असताना उडी न मारता विमान धावपट्टीपर्यंत आणतो, कारण खाली वस्ती असते. त्या कामाचं त्यांना पदक मिळालं. पुढे आणखी मिळाली. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. सांगताना माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? काका होतेच तसे. पण मुलांना मी अर्धीच गोष्ट सांगितली.

उरलेली अर्धी अशी. आजोबा गेले तेव्हा काका चौथीत होते आणि बाबा सातवीत. बाबांनी दप्तर खुंटीला लावलं ते कायमचं. काका हुशार निघाले, सैनिकी शाळेची परीक्षा पास झाले, आणि खर्चाचा डोंगर उभा राहिला. आमच्या रानात विहीर नव्हती, पाऊस देईल तेवढंच पीक. तेव्हा बाबांनी आपलं रान दुसऱ्याला बटईने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दिलं आणि स्वतः गावच्या पाटलांकडे सालगडी राहिले. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला परत. स्वतःच्या नावावर सातबारा असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायचं, म्हणजे काय असतं, ते आमच्या भागातल्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही. भावकीत बाबांचं नाव निघालं की लोक ओठ दाबून हसत. आईचं लग्न ठरताना तिच्या मामांनी तोंडावर विचारलं होतं, की पोरगी शेतकऱ्याला देऊन राहिलो का गड्याला? काका विमान शिकून बाहेर पडले तोपर्यंत बाबा पाटलांच्याच बैलांमागे होते.

काका हे विसरले असं कुणी म्हणेल तर मीच भांडेन. पैशाने ते कधी चुकले नाहीत. आमच्या रानात विहीर झाली ती त्यांच्यामुळे, घरावर स्लॅब पडला तो त्यांच्यामुळे, मी हिंगोलीला कॉलेजात गेले तीही त्यांच्याच जोरावर. गावी आले की उंबऱ्याबाहेर बूट काढून आधी बाबांच्या पायावर डोकं ठेवायचे. बाबा बाजेवर असले तर हे समोर जमिनीवर बसत. ज्यांच्या एका शब्दावर विमानांची रांग आकाशात चढायची, ते बाबांपुढे तंबाखूचं नावही काढत नसत. आई म्हणायची, "असा दीर मिळायला नशीब लागते." खरंच होतं ते. पण हे सगळं उंबऱ्याच्या आत.

उंबऱ्याबाहेर सत्कार होते. काका रिटायर झाले आणि आमच्या तालुक्याला सत्काराचा ज्वरच चढला. शाळेचं स्नेहसंमेलन, पतसंस्थेचं उद्घाटन, कुणाच्या नव्या खताच्या दुकानाची फीत, सगळीकडे मार्शल. फेटा, शाल, नारळ. शाल खांद्यावर पडली की काका ती तिथेच उतरवून चारी कोन जुळवून घडी घालत, मगच बसत. शाली आमच्याकडेच राहायच्या. आईने त्या हळदीच्या पोत्यांवर पांघरल्या. एका सत्काराला सरपंचांनी फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला होता, काकांच्या फोटोमागे झेपावणारं विमान. काका गाडीतून उतरले, फ्लेक्ससमोर बराच वेळ बघत उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सरपंच, हे विमान आपलं नाही. हे ज्यांनी माझ्यावर सोडलं होतं, त्यांचं आहे." सरपंच क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "ते जाऊ द्या साहेब, पर तुमचा फोटो तर बराबर आला ना." काकांनी त्या फ्लेक्सखालीही फेटा बांधून घेतला.

भाषण मात्र ते मनापासून करत. स्वतःबद्दल फार थोडं, दुसऱ्यांबद्दल जास्त. चौथीच्या गुरुजींचं नाव घेत. ज्याने रात्र जागून त्यांचं इंजिन तपासलं त्या तंत्रज्ञाचं पूर्ण नाव, त्याच्या गावासकट सांगत. पॅराशूटची घडी घालणाऱ्या शिपायाचं नाव, मेसमधल्या आचाऱ्याचं नाव. आणि आमच्या गावच्या करीमचाचांचं. चाचा शिंपी. सैनिकी शाळेच्या परीक्षेला जायला काकांकडे धड पँट नव्हती, ती चाचांनी एका बसकणीत शिवून दिली होती. "त्या पँटमध्ये मी देशाच्या सेवेला निघालो," असं काका म्हणाले की टाळ्या पडत आणि म्हातारे करीमचाचा पुढच्या रांगेत मान खाली घालून डोळे पुसत.

चाचांच्या शेजारच्या खुर्चीवर बाबा असत. प्रत्येक सत्काराला. आदल्या दिवशी धोतर धुऊन घेत, टोपीला आईकडून इस्त्री करून घेत. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून उजवा कान स्टेजकडे करून बसत. गुरुजींचं नाव घेऊन व्हायचं, तंत्रज्ञाचं व्हायचं, आचाऱ्याचं व्हायचं, चाचांचं व्हायचं. बाबा थोडे पुढे सरकत. मग काका "जय हिंद" म्हणत आणि लोक उठायला लागत. बाबा माझ्याकडे वळून विचारायचे, "झालं का?" मी म्हणायची, झालं. "चांगलं बोलला," असं म्हणून ते टोपी नीट करत. त्या वेळी मला काकांच्या सगळ्या पदकांचा संताप यायचा. पदक देताना मोठ्याने नाव पुकारतात, शौर्य वाचून दाखवतात, हे ज्याला छातीवर अनुभवून माहीत होतं, त्याला एक नाव घेता येत नव्हतं.

करीमचाचांनाही ते टोचायचं. एकदा कार्यक्रमानंतर मंडपातच त्यांनी बाबांचा हात धरला. "एक पतलून सिली मैंने, तो हर बार मेरा नाम लेता. तेरा काय कू नै लेता रे?"

बाबा म्हणाले, "मी घरचा हाय ना, चाचा."

हे बोलताना बाबा हसले होते. चाचांनी हात सोडला नाही. त्यानंतरच्या सत्कारांना चाचा तब्येतीचं निमित्त सांगून येईनासे झाले. काका मात्र त्यांचं नाव घेतच राहिले.

शेवटी मीच विचारलं. काका नागपूरला विमानाने येत आणि तिथून वाशीमवरून गाडीने. त्यांना आणायला मी गेले होते. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर चहाला थांबायची त्यांची रीत. चहा आला, आणि मी सरळ म्हटलं की आचाऱ्याचं नाव घेता, बाबांचं का नाही? काकांना राग आला नाही. उलट ते बुचकळ्यात पडले, जणू श्वास का घेता असंच विचारलं. म्हणाले, "घरच्यांचे आभार मानतात का गं? आभार परक्यांचे. दादाला थँक्यू म्हटलं, तर तो परका झाला की." मग कप खाली ठेवून आवाज उतरवून म्हणाले, "आणि सांगायचं काय? माझा भाऊ पाटलाच्या घरी सालगडी होता, हे मी चारचौघांत माईकवर सांगू? त्याने माझ्यासाठी मान खाली घातली. मी ती लोकांपुढे परत खाली घालू?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे घरच्यांचे आभार मानत नाहीत. बाप मुलाला शाबास म्हणत नाही, नवरा बायकोला स्वयंपाक चांगला झाला म्हणत नाही; सांगितलं की नातं पातळ होतं, अशी आमची समजूत. आणि सालगड्याची लाज तर काकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. फक्त ती लाज बाबांची नव्हती, त्यांची स्वतःची होती. बाबांना उलट तेच ऐकायचं होतं. ज्या शेणकुरासाठी भावकी हसली, त्यातूनच हा मार्शल निघाला, हे त्याच भावकीसमोर एकदा, माईकवर. एवढंच मागणं, तेही न मागितलेलं. मी घरी येऊन बाबांना काकांचं म्हणणं सांगितलं. "बराबर हाय त्याचं," म्हणाले. आणि पुढच्या सत्काराला पुन्हा धोतर धुऊन घेतलं.

तो सत्कार सेनगावला होता. बाबांना ताप होता, दम लागत होता. आईने जाऊ नका म्हणून हात जोडले. काकांनीही सकाळी कपाळाला हात लावून बघितला आणि पडून राहा म्हणाले. पण काकांची गाडी पुढे गेल्यावर बाबा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. पुढच्या रांगेत त्यांना बघून काका स्टेजवरून खुणेनेच रागावले. भाषण नेहमीपेक्षा लांबलं. मी बाबांचा हात धरून बसले होते आणि मनातल्या मनात काकांना म्हणत होते, आज घ्या, आज तरी घ्या. त्यांनी करीमचाचांचं नाव घेतलं, चाचा तोवर वारले होते तरी. आचाऱ्याचं घेतलं. मग जय हिंद. बाबांनी त्या दिवशी मला काही विचारलं नाही. आपणच उठले. महिन्याच्या आत ते गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला ओढ्याच्या काठी सगळं गाव जमलं. आमच्याकडे त्या दिवशीही माईक येतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आमदारांचा माणूस, सगळे चार-चार शब्द बोलतात. बायका बाजूला बसतात. शेवटी काका उठले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते स्टेजवरची भाषा सोडून गावाच्या भाषेत बोलले. माझा दादा पाटलाच्या घरी सालगडी होता, तिथून त्यांनी सुरुवात केली. शेण सांगितलं, पाडवा सांगितला, खुंटीला लावलेलं दप्तर सांगितलं. "थंडीत दादा गोठ्यात झोपायचा आणि घरातली एकुलती एक गोधडी माझ्या पेटीत बांधून द्यायचा," हे मलाही माहीत नव्हतं, ते सांगितलं. इंजिन पेटलं तेव्हा खाली दिव्यांची वस्ती दिसली आणि वाटलं, त्यात कुणाचा तरी दादा असेल. म्हणून उडी मारली नाही. माझं पदक त्याचं हाय, म्हणाले. भावकीतले म्हातारे हुंदके देत होते. पाटलांचा मुलगा टोपी काढून उभा होता. इतकं सुंदर भाषण मी कुणाचं ऐकलं नाही, आणि इतका राग मला कुणाचा आला नाही.

तेवढ्यात बायकांमधून आई उठली. तिला कुणी धरायच्या आत ती चालत काकांपर्यंत गेली. रडत नव्हती. पदर सारखा करून, रोजच्या आवाजात म्हणाली,

"आता कोणाला सांगून राहिले तुमी, भाऊजी? ऐकणारा तर पुढच्या रांगेत बसून बसून गेला."

काकांनी माईक शेजारच्याच्या हातात दिला आणि तिथेच, आईच्या पायाशी, मातीत बसले. "वहिनी," एवढंच म्हणाले. पुढचं त्यांना बोलता येईना, आणि आईनेही त्यांना मदत केली नाही.