कल्ले बघून मासळी

धाकट्या डहाणूची ती मावशी तलासरीच्या बाजारात मासळी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करणारे डॉक्टर शहरात बसून म्हणायचे, दातांना तंबाखूची मशेरी लावणाऱ्या आदिवासी बायका तपासणीला येतच नाहीत. अरे, तुम्ही त्यांच्याकडे कधी गेलात? आम्ही आरोग्य कार्यकर्त्यांनी भांडून डॉक्टरांना बाजारात आणलं, तर बायका तोंडावर पदर धरून लांब उभ्या. मावशीने माशाचा कल्ला उचलून आतला ताजा लाल रंग दाखवला.

“कल्ले बघितल्याशिवाय माझी मासळी घेत नाय तुम्ही. मग स्वतःचं तोंड दाखवायला कसली लाज?”

“तूपण लावतेस की मशेरी. तू बस आधी,” एकजण म्हणाली.

मावशी हात पुसून डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसली आणि तिने आ केला. हसत हसत तिच्यामागे रांग लागली. बाजार उठला, डॉक्टरांना मात्र उठता येईना.