उस्तादांचा क्लास

भूकंपानंतरच्या वर्षांत उदगीरच्या माळावर मोटारसायकलच्या शर्यती व्हायच्या, आणि दरवेळी आमचंच गॅरेज जिंकायचं. गाडी तयार करायचे गॅरेजचे मालक, म्हणजे आमचे उस्ताद, आणि चालवायचो मी. दुसऱ्या कुणाला हे जमणारच नाही, अशी आम्हा दोघांची पक्की खात्री होती.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. उस्तादांनीही एक काढला. कार्बोरेटर कसा लावायचा, वळणाआधी गिअर कधी उतरवायचा, सगळं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं. शिकवण्यात ते इतके रमले की आमच्या गाडीकडं बघायला त्यांना सवडच उरली नाही. मीही सराव सोडला होता. जिंकणाऱ्याला कसला आलाय सराव!

पुढच्या शर्यतीत पहिले तिघं उस्तादांचे विद्यार्थी आले. मी चौथा.

दोन दिवसांत गॅरेजवर त्या तिघांच्या फोटोंचा भला मोठा बोर्ड लागला, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. खाली उभे राहून उस्ताद हसतमुखानं हार घालून घेत होते.

“अन् माझा फोटो?” मी तडकून विचारलं.

“तुझा कशाला?” उस्ताद म्हणाले, “तू कधी क्लासला बसलास?”